एसी नवीन, मग पाणी काहून टपकते? वऱ्हाडात एसीची सर्व्हिसिंग मार्चसोबत जूनमध्येही का लागते, समजून घ्या

मे महिना आला की अकोल्याचं नाव देशभरातल्या बातम्यांत येतं. २०२४ च्या मे महिन्यात तर पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. शेजारच्या अमरावतीतही उन्हाळा काही वेगळा नसतो. त्यामुळे एकेकाळी फक्त कूलरवर भागवणाऱ्या वऱ्हाडातल्या घरांमध्ये आता एसी दिसायला लागलेत. कुणी रोखीने घेतो, कुणी हप्त्यावर.

मे महिना त्या एसीच्या जिवावर निघतो. जून उजाडतो, मृगाच्या सरी येतात, हवा जरा बरी होते. मग जुलै-ऑगस्टच्या एखाद्या चिकचिकीत रात्री एसी लावला जातो आणि भिंतीवरून पाण्याचा ओघळ येतो. खोलीत ओल्या फडक्यासारखा वास पसरतो. थंडावा लागतो, पण अंग चिकटच राहतं. मेकॅनिकला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, एसी तं मागच्याच वर्षी घेतला, मंग पानी काहून टपकते?"

तर विषय असा आहे की, ४५ अंशांत न बिघडलेला एसी ३० अंशांत का कुरकुरतो? आणि तोही नवाकोरा, पाच स्टारवाला, इन्व्हर्टर एसी? उत्तर वऱ्हाडाच्या हवेत आहे आणि नवीन एसीच्या रचनेतही आहे.

आधी कूलरचं गणित

वऱ्हाडी माणसाला हवेतला दमटपणा समजावून सांगायची गरज नाही. कूलर तो दरवर्षी शिकवतो. मे महिन्यात कूलर समोर ठेवला की अंगावर शहारा येतो. तोच कूलर जुलैत लावला की चादर ओली, उशी ओली आणि घाम तसाच.

कारण सोपं आहे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती होताना हवेतली उष्णता शोषली जाते. हवा कोरडी असेल तर पाणी भरपूर उडतं. समजा मे महिन्याच्या दुपारी तापमान ४३ अंश आहे आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के. अशा वेळी चांगला कूलर हवा २७ अंशांच्या आसपास आणू शकतो. म्हणजे तब्बल १६ अंशांचा फरक.

आता ऑगस्टची संध्याकाळ घ्या. तापमान ३० अंश, आर्द्रता ७५ टक्के. हवेत आधीच इतकं पाणी आहे की आणखी पाणी उडायला जागाच उरत नाही. तोच कूलर हवा फार तर २७ अंशांपर्यंत नेतो, म्हणजे जेमतेम तीन अंशांचा फरक. वरून ओलावा वाढवतो तो वेगळाच.

म्हणूनच ज्यांच्या घरी दोन्ही आहेत, ते उन्हाळ्यात कूलरवरही निभावून नेतात आणि पावसाळ्यातल्या उकाड्यात एसीकडे वळतात. दमट हवेचा सगळा भार येतो तो एसीवर.

एसी हवा थंड करतो, आणि वाळवतोही

एसीचा जन्मच मुळात ओलाव्याच्या भांडणातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा-आकसायचा आणि रंग एकावर एक नीट बसत नव्हते. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यावर उपाय म्हणून थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढणारी यंत्रणा तयार केली. माणसांना गारवा देणं हा तिचा उद्देश नव्हता. तो नंतर आला.

आजचा घरातला एसी हेच करतो. आतल्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. याला मेकॅनिक 'कॉइल' म्हणतात. एसी चालू असताना ती साधारण ८ ते १४ अंशांपर्यंत थंड असते. खोलीतली हवा तिला लागली की तिच्यातला ओलावा थेंबांच्या रूपात तिच्यावर जमतो. फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीवर बाहेरून थेंब येतात, तसंच.

पण हे थेंब किती जमणार, हे हवेवर ठरतं. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या मे महिन्यातल्या हवेचा दवबिंदू असतो ११ अंशांच्या आसपास. म्हणजे कॉइलवर पाणी जेमतेम जमतं. कित्येकदा बाहेरच्या पाइपातून थेंबही पडत नाही. ३० अंश आणि ७५ टक्क्यांच्या ऑगस्टच्या हवेचा दवबिंदू असतो साधारण २५ अंश. तिथे कॉइल चालू झाल्या झाल्या घामाघूम.

आकड्यात सांगायचं तर १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली घ्या. मे महिन्याच्या त्या दुपारच्या हवेने ती भरली, तर तिच्यात साधारण ३०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ऑगस्टच्या हवेने भरली तर पाऊण लिटरहून जास्त. दाराच्या फटीतून, खिडकीतून बाहेरची दमट हवा येतच राहते, त्यामुळे हे पाणी सतत काढावं लागतं. दीड टनाचा एसी दमट दिवसांत तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो.

या कामाला वीजही लागते. दीड टनाच्या एसीची थंड करायची ताकद साधारण ५.२ किलोवॅट असते. तासाला दीड लिटर पाणी काढायचं म्हटलं तर त्यातली जवळपास एक किलोवॅट, म्हणजे पाचवा हिस्सा, नुसता ओलावा काढण्यात जातो. म्हणून पावसाळ्यात तापमान कमी असूनही एसी निवांत नसतो.

मेची धूळ, जुलैचं पाणी

इथे वऱ्हाडाची गोष्ट मुंबई-कोकणापेक्षा वेगळी होते. किनाऱ्यावर हवा वर्षभर दमट आणि खारी असते. तिथे एसी घेणाऱ्याला देखभाल लागणार हे माहीत असतं. वऱ्हाडात मात्र वर्षाचे दोन भाग पडतात. आधी धुळीचा, मग पाण्याचा.

मार्च ते मे काळ्या मातीची बारीक धूळ उडत असते. नांगरलेली शेतं, रस्त्यांची कामं, वावटळी. भोवती जिनिंग, डाळ मिल असेल तर कापसाचे तंतू आणि भुसा वेगळा. दारं-खिडक्या कितीही बंद ठेवल्या तरी ही धूळ घरात येते आणि एसीच्या फिल्टरवर बसते. फिल्टर तुंबला किंवा नीट बसलेला नसेल, तर ती आत कॉइलवर आणि हवा फेकणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसते. कॉइल जवळजवळ कोरडीच असल्यामुळे तेव्हा फारसं काही जाणवत नाही.

मग जुलै येतो. त्याच कॉइलवर आता तासाला लिटरभर पाणी वाहू लागतं. तीन महिन्यांची धूळ भिजते आणि तिचा गाळ होतो. हा गाळ पट्ट्यांच्या फटी बुजवतो आणि उरलेला वाहत खालच्या पन्हाळीत, तिथून पाण्याच्या पाइपात जातो. अंधार, ओलावा आणि खायला धूळ हे सगळं मिळाल्यावर तिथे बुरशी आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. पाइप तुंबला की पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. ते पन्हाळीतून उतू जातं आणि भिंतीवरून तुमच्या गादीवर येतं.

म्हणजे जुलैत टपकणारं पाणी हा बहुतेक वेळा मशीनमधला दोष नसतो. उन्हाळ्यात साठलेली धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा यांची ती गाठभेट असते. आणि नेमकी हीच वेळ आपण चुकवतो. एसीची सर्व्हिसिंग करायची ती गुढीपाडव्याच्या आसपास, उन्हाळा सुरू होण्याआधी, असा बऱ्याच घरांचा नेम असतो. ती करावीच. पण त्यानंतरची तीन महिन्यांची धूळ कुणी काढायची?

नवीन एसीच जास्त नाजूक का?

"आमच्या ऑफिसातला जुना खिडकीचा एसी वर्षानुवर्षं कुणी हात न लावता चालला," असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नसतात. जुने एसी वीज भरपूर खायचे, पण अंगाने राकट होते. नवीन एसी वीज वाचवतात आणि त्यासाठी त्यांची रचना बारीक झाली आहे.

खोलीच्या एसींवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, स्टार लेबल २०१० पासून सक्तीचं झालं आणि २०१८ पासून इन्व्हर्टर एसींनाही ते सक्तीने लागू झालं. वेळोवेळी या स्टारचे निकष कडक होत गेले. कमी विजेत जास्त थंडावा द्यायचा तर कंपन्यांना कॉइलवरच्या पट्ट्या जास्त जवळजवळ, जास्त पातळ कराव्या लागतात आणि नळ्यांचा व्यास कमी करावा लागतो. यामुळे हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि थंडावा चांगला मिळतो. पण फटी जितक्या अरुंद, तितक्या त्या लवकर बुजतात. जुन्या कॉइलमधून जी धूळ निघून जायची, ती नवीन कॉइलमध्ये अडकते.

दुसरा मुद्दा तांब्याचा. नळ्यांच्या भिंती पातळ झाल्या आहेत. ओलावा, हवा आणि विशिष्ट सेंद्रिय आम्लं एकत्र आली की तांब्याला आतल्या आत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक वाकडीतिकडी भोकं पडत जातात. ही आम्लं येतात कुठून? प्लायवूड, फेव्हिकॉलसारखे चिकट पदार्थ, नवा रंग, काही साफसफाईची रसायनं यांच्या वाफांमधून. नवं घर, नवं फर्निचर, नवा एसी आणि ओली, न धुतलेली कॉइल हे सगळं जुळून आलं की दोन-तीन वर्षांतही गॅस गळू शकतो.

तिसरा मुद्दा सर्किटचा. इन्व्हर्टर एसीत आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही युनिटमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतात. ओलावा, धुळीचा ओला थर, मुंग्या आणि पाली हे या बोर्डांचे शत्रू. गच्चीवरच्या बाहेरच्या युनिटमध्ये आसरा शोधत शिरलेल्या एका पालीमुळे अख्खा बोर्ड जळू शकतो. आणि बोर्ड बदलायचा खर्च सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट असतो.

आणखी एक गोष्ट स्टारबद्दल. लेबलवरचे युनिट काढताना वर्षाला १६०० तास वापर आणि २४ ते ४३ अंश बाहेरचं तापमान धरलेलं असतं. अकोल्याचा ४५ अंशांचा दिवस त्या हिशोबाच्या बाहेर जातो. शिवाय ती चाचणी स्वच्छ, नव्या मशीनची असते. तुमच्या भिंतीवरचा धूळ खाल्लेला एसी त्या पाच स्टारला किती जागेल, हे देखभालीवर ठरतं.

इन्व्हर्टर दुखणं लपवतो

जुन्या एसीचा कंप्रेसर एकाच वेगाने धावायचा आणि ठरलेलं तापमान आलं की बंद व्हायचा. फिल्टर तुंबला की थंडावा लगेच कमी व्हायचा आणि घरातले लोक ओरडायचे. तक्रार वेळेत कळायची.

इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो. कॉइल थोडी तुंबली तर तो जास्त वेगाने, जास्त वेळ धावून ती कमतरता भरून काढतो. खोली थंडच होत असते, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटत नाही. बिघाडाची बातमी मिळते ती महिन्याच्या वीजबिलातून. महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने महाग होत जातं, त्यामुळे वाढलेले युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. बिल पाहून आपण म्हणतो, "पाच स्टारचा काही फायदाच नाही."

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार घाण फिल्टरच्या जागी स्वच्छ फिल्टर लावल्याने एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. फिल्टर घरी धुवायला खर्च किती? शून्य.

दमट हवेत इन्व्हर्टरची आणखी एक खोड आहे. ऑगस्टमध्ये खोली २८ अंशांवर असेल आणि तुम्ही २६ लावलं असेल, तर एसीला फारसं काम उरत नाही. कंप्रेसर हळू होतो, कॉइल तितकीशी थंड राहत नाही आणि ओलावा कमी निघतो. म्हणून खोली थंड पण चिकट लागते. अशा वेळी लोक रिमोटवर १८ लावतात. त्याऐवजी 'ड्राय' मोड वापरून पाहा. तो पंखा हळू ठेवून ओलावा काढण्यावर भर देतो. एक अंश वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई सांगतं. २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होतानाच २४ अंशांवर लागतात, ते याचसाठी.

"गॅस कमी झालाय" म्हणजे नेमकं काय?

इथे खरा खिशाला चटका बसतो. थंडावा कमी झाला, कॉइलवर बर्फ दिसला की कुणीतरी म्हणतं, "गॅस भरावा लागेल." आणि बरेच ग्राहक मानही डोलावतात, कारण गॅस हा पेट्रोलसारखा संपतो असा समज आहे.

तो संपत नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो. गळती नसेल तर तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर एकतर कुठेतरी गळती आहे, किंवा गॅस कमी नसतानाही पैसे घेतले जात आहेत.

गंमत अशी की तुंबलेला फिल्टर आणि कमी झालेला गॅस यांची लक्षणं सारखीच दिसतात. फिल्टर तुंबला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल गरजेपेक्षा जास्त थंड होते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर गोठतं. बर्फामुळे हवा आणखी अडते. गॅस कमी झाला तरी बर्फ आणि कमी थंडावा हेच दिसतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी फिल्टर आणि कॉइल साफ, मग गॅसची तपासणी.

गॅस खरंच कमी असेल तर मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा. गळती कुठे सापडली? ती बंद केल्यावर नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणार का? आणि गॅस काट्यावर मोजून भरणार का? नवीन दीड टनाच्या एसीत गॅस जेमतेम एक किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. अंदाजाने थोडा कमी-जास्त भरला तरी फरक पडतो. शिवाय बऱ्याच नवीन एसींमध्ये आर-३२ हा गॅस असतो. जुन्या आर-२२ पेक्षा तो पर्यावरणाला बराच कमी घातक आहे, पण थोडासा ज्वलनशील आहे. त्यामुळे हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यायचं.

'ऑटो क्लीन' आहे ना, मग?

नवीन एसीच्या रिमोटवर 'ऑटो क्लीन' किंवा 'सेल्फ क्लीन' असं बटण असतं. काही एसींत ते दाबल्यावर पंखा काही वेळ चालतो आणि कॉइल वाळते. काहींत आधी कॉइलवर मुद्दाम बर्फ जमवतात, मग तो वितळवून त्या पाण्याने धूळ वाहून नेतात. दोन्ही उपयोगी आहेत. कॉइल ओली न ठेवणं हा बुरशीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पण हे बटण फिल्टर धूत नाही, पंख्याच्या पात्यांवरचा थर काढत नाही, तुंबलेला पाइप मोकळा करत नाही आणि गच्चीवरच्या युनिटला तर हातही लावत नाही. कॉइलवरच्या निळ्या किंवा सोनेरी लेपाचंही तसंच. त्याने गंज उशिरा धरतो आणि पाणी लवकर ओघळतं. धूळ बसायची ती बसतेच.

वास, खोकला आणि डेंग्यू

एसी लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांत येणारा कुबट वास हा आतल्या बुरशीचा असतो. तीच हवा रात्रभर खोलीत फिरते. घरात दमा असलेलं कुणी, म्हातारं माणूस किंवा लहान बाळ असेल तर शिंका, खोकला आणि ॲलर्जी वाढू शकते. उदबत्ती लावून किंवा रूम फ्रेशनर मारून वास झाकला जातो, बुरशी तिथेच राहते.

दुसरा धोका बाहेर असतो. एसीचं पाणी बऱ्याच घरांत बादलीत किंवा डब्यात सोडलेलं असतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो तेव्हा कूलरच्या टाकीसोबत एसीची ही बादलीही त्यात धरायची. ते पाणी रोजच्या रोज फरशी पुसायला किंवा झाडांना वापरा. पिऊ मात्र नका, ते धुळीच्या कॉइलवरून आलेलं असतं.

खाऱ्या पाण्याने धुताय?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर पांढरा खार कसा चढतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्याच पाण्याने एसीची कॉइल किंवा गच्चीवरचं युनिट धुतलं, तर पाणी उडून जातं आणि क्षार पट्ट्यांवर राहतात. दमट हवेत हे क्षार ओलावा धरून ठेवतात आणि ॲल्युमिनियम लवकर खातात. म्हणून सर्व्हिसिंगला नळाचं गोडं पाणी काढून ठेवा. दोन बादल्या पुरतात. बाथरूम साफ करायचं ॲसिड तर कॉइलच्या जवळही नको.

वऱ्हाडासाठी एसीचं वेळापत्रक

मार्च : एसी सुरू करण्याआधी पूर्ण सर्व्हिसिंग. गच्चीवरच्या युनिटमध्ये कबुतराचं घरटं, कापसाचे तंतू, पालापाचोळा अडकला आहे का ते पाहून घ्या. त्याच्याभोवती हवा खेळती असावी.

एप्रिल-मे : धुळीचे दिवस. दर आठ-पंधरा दिवसांनी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच लावा. त्याआधी एसीचा मेन स्विच बंद करा. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकत्र लावू नका. कूलर पाणी हवेत घालतो, एसी ते परत काढत बसतो. दोघांची वीज वाया.

जून, पहिल्या चांगल्या पावसानंतर : हीच चुकणारी आणि सगळ्यात महत्त्वाची वेळ. कॉइल, पंख्याची पाती आणि पन्हाळ पाण्याच्या पंपाने धुऊन घ्या. पाइपात मगभर पाणी ओतून ते बाहेर मोकळं पडतंय का ते स्वतः बघा. पाइप कुठे वर चढत नसावा, त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं. धुताना बोर्ड झाकलेला आहे ना, याकडे लक्ष ठेवा.

जुलै ते ऑक्टोबर : झोपेतून उठल्यावर किंवा एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसता पंखा चालवा किंवा ऑटो क्लीन लावा, म्हणजे कॉइल वाळेल. फिल्टर पंधरा दिवसांनी. ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी पुन्हा जोरात चालतो, तोवर हा नेम मोडू नका.

नोव्हेंबर : एसी विसाव्याला जाताना अर्धा-एक तास पंखा चालवून आतून कोरडा करा, मेन स्विच बंद करा, रिमोटचे सेल काढा. बाहेरच्या युनिटला प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका. आत ओलावा कोंडतो आणि उंदरांना आयतं घर मिळतं.

एसी घेताना मिळालेलं वॉरंटी कार्डही एकदा वाचून ठेवा. दुकानात ऐकू येतं ते "कंप्रेसरवर १० वर्षं." बोर्ड, कॉइल आणि गॅस यांची मुदत आणि अटी बहुतेक वेळा वेगळ्या असतात. सर्व्हिसिंगची पावती जपून ठेवली तर तक्रारीच्या वेळी हातात काहीतरी राहतं.

थोडक्यात काय, तर वऱ्हाडातला एसी चार महिने धूळ खातो आणि चार महिने पाणी पितो. अमरावतीच्या राजापेठेत असो की अकोल्याच्या जठारपेठेत, या दोन्हींच्या मध्ये जूनमध्ये त्याला एक आंघोळ घातली, तर जुलैत भिंत कोरडी राहते, बिल आवाक्यात राहतं आणि "गॅस भरावा लागेल" हे वाक्य ऐकायची वेळही सहसा येत नाही. एसीचा हप्ता अजून चालू असेल, तर ही आंघोळ चुकवणं नक्कीच परवडणारं नाही.